शाळा कोणाची?

शाळा चांगली की वाईट हे कशावरून ठरते? कोणी म्हणेल मास्तरांवरून, कोणी म्हणेल इमारतीवरून, आणि अलीकडे तर पुष्कळ जणी दारात येणाऱ्या बसवरून आणि मुलाच्या गळ्यातल्या टायवरून ठरवितात. मला मात्र थोडेफार वाचून आणि पुष्कळसे पाहून असे वाटू लागले आहे की, सार्वजनिक शाळेचा कस तिच्यात कोणाकोणाची मुले शेजारी शेजारी बसतात यावर ठरतो. दुकानदाराचे मूल आणि मोलकरणीचे मूल एका सतरंजीवर बसत असेल तर छप्पर गळल्याची तक्रार त्याच आठवड्यात वर जाते. एकट्या मोलकरणीचे मूल असेल तर छप्पर गळतच राहते. ज्याचे जळते त्याला कळते हे खरेच. पण ज्याला कळते त्याचे म्हणणे वरचे लोक ऐकून घेतात, असे मात्र नाही.

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा पाककृती देण्यापेक्षा हाच विषय घ्यावा असे मनात आले. आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला दीडशे वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो आपल्या बायकांच्या बैठकीत फारसा निघत नाही.

इंग्रजांचे राज्य स्थिरावल्यावर लोकांच्या शिक्षणासाठी सरकारने काही पैसा खर्चावा हे ठरले. पण पैसा थोडा आणि माणसे पुष्कळ. मग तो कोणावर खर्चावा? १८३५ साली मेकॉले साहेबांनी आपले मत मांडले, आणि ते सरकारला पटले. वरच्या थरातील थोड्या लोकांना उत्तम इंग्रजी शिक्षण द्यावे, म्हणजे त्यांच्याकडून ते ज्ञान झिरपत झिरपत खालच्या लोकांपर्यंत जाईल, असा तो विचार.

ज्यांनी आजीच्या माजघरात उतरंड पाहिली आहे त्यांना या विचारातील खोट लगेच दिसेल. वरच्या मडक्यात घातलेले धान्य खालच्या मडक्यात उतरत नाही. प्रत्येक मडक्याला बूड असते. खालच्यात धान्य हवे असेल तर उतरंड उतरवून त्यात ते निराळे घालावे लागते. आणि उतरंडीत खालचेच मडके सर्वांत मोठे असते, हेही ध्यानात घ्यावे.

बरे, हा पैसा येत होता कोठून? सरकारच्या तिजोरीत मोठा भरणा शेतसाऱ्याचा. त्यावर मुंबई इलाख्यात १८६० नंतर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसली. तिला लोकल फंड म्हणत, आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठी म्हणून राखलेला असे. म्हणजे नांगर धरणाऱ्या कुणब्यापासून ते त्याच्या शेतात खुरपणाऱ्या बाईपर्यंत सर्वांच्या घामातून शाळेचा पैसा निघत होता. त्यांची मुले मात्र गुरांमागे होती.

हे उघडपणे आणि सरकारच्या तोंडावर कोणी सांगितले असेल, तर ते जोतीराव फुल्यांनी. सावित्रीबाईंना शिकवून त्यांच्यासह १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव आपणा सर्वांना ठाऊक आहेत. पण १८८२ सालचे जोतीराव तितकेसे ठाऊक नाहीत. त्या वर्षी सरकारने हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. आयोगापुढे नाना विद्वानांच्या साक्षी झाल्या. जोतीरावांनीही आपले लेखी निवेदन दिले. तोवर त्यांनी पुण्याच्या नगरपालिकेत सभासद म्हणून काम केले होते, कंत्राटे घेतली होती, शेती केली होती. त्यामुळे पैसा कोठून येतो आणि कोठे जातो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो. वरचे वर्ग त्या मानाने तिजोरीत फारच थोडे टाकतात. पण सरकार खर्च करते तो प्रामुख्याने वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरचे शिकले की ते खालच्यांना शिकवतील या आशेवर इतकी वर्षे गेली. कोणी कोणाला शिकवले ते दाखवा. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचे करा.

एवढे बोलून ते थांबले नाहीत, आणि मला त्यांचे मोठेपण येथेच वाटते. शाळा काढा म्हणणे सोपे आहे. कशी काढा ते त्यांनी सांगितले. मास्तर शिकवण्याच्या कामात तयार झालेला असावा. त्याला दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा, आणि मोठ्या गावी तो १५ ते २० असावा. मुलांना मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावे, हिशेब यावा, थोडा इतिहास-भूगोल यावा, शेतीचे प्राथमिक ज्ञान मिळावे, आणि आरोग्य व नीती यांचेही धडे असावेत. हिशेब हा शब्द वाचून मी जरा थांबले. ज्याला हिशेब येतो त्याला सावकाराची वही वाचता येते. गरिबाच्या शाळेत काय शिकवतात यावर गरिबी किती टिकणार हे अवलंबून असते, हे त्यांनी किती आधी ओळखले होते!

आयोगाने सक्ती स्वीकारली नाही. प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्ड यांच्याकडे सोपवाव्यात, असे मात्र सुचवले. ऐकायला बरे, पण त्यामुळे ज्या गावाची तिजोरी भरलेली त्या गावची शाळा बरी, आणि दुष्काळी मुलखातली शाळा नावाला, असे होऊ लागले.

शाळा कागदावर सर्वांची असली तरी सर्वांची कशी नसते, याचा एक दाखला त्याही आधीचा आहे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १८५६ साली तेथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळेने नाकारला, म्हणून त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकार म्हणाले की मुलाचे म्हणणे न्यायाचे आहे, पण त्याला घेतले तर बाकीची मुले निघून जातील. विलायतेच्या वरिष्ठांना हे रुचले नाही, आणि १८५८ साली मुंबई सरकारला जाहीर करावे लागले की, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या आहेत. ही झाली जाहिरात. पुढे भीमराव आंबेडकर साताऱ्यास शाळेत जात होते तेव्हा त्यांना बसण्यासाठी गोणपाट घरून न्यावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी पिता येत नसे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहायचे. शाळा तीच, पुस्तक तेच. पण त्या मुलाला मिळालेली शाळा आणि शेजारच्या मुलाला मिळालेली शाळा या दोन वेगळ्या शाळा होत्या.

सक्तीचे शिक्षण हिंदुस्थानात चालणारच नाही असे इंग्रज अधिकारी सांगत होते, तेव्हा बडोद्यास ते चालू झाले होते. सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक गेले तोवर त्यांना अक्षरओळखही नव्हती म्हणतात. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. त्यात मुलीही होत्या. या गोष्टीला आपण स्त्रियांनी मनातल्या मनात नमस्कार करावा.

बडोद्याचे उदाहरण पुढे ठेवूनच गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्याच्या मोठ्या कायदेमंडळात आपले बिल मांडले. गोखले स्वतः गरिबीत शिकलेले. बिल किती सौम्य होते पाहा. ज्या भागात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत, तेथेच आणि तेथील नगरपालिकेची किंवा बोर्डाची इच्छा असेल तरच सक्ती करायची. वय सहा ते दहा. आरंभी मुलग्यांनाच, मुलींचे मागाहून. ज्या बापाची मिळकत महिना दहा रुपयांहून अधिक नाही त्याला फी माफ. आणि खर्चाचे दोन हिस्से सरकारने, एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा, असे गोखल्यांचे म्हणणे. यात कोणाचे काय बिघडणार होते?

पण बिघडत होते. सरकारला खर्च नको होता. आणि आपल्यातल्याच काही बड्या जमीनदारांना भीती वाटत होती की, कुळांची पोरे शाळेत जाऊन बसली तर शेतावर राबायचे कोणी, आणि शिकलेले कूळ उद्या मान वर करून बोलू लागले तर काय? मार्च १९१२ मध्ये मते घेतली गेली. बाजूने १३, विरुद्ध ३८. ज्यांच्या मुलांसाठी बिल होते त्यांच्यापैकी एकही त्या सभागृहात नव्हता. विरोध करणाऱ्यांची मुले शिकतच होती. शाळा निघो वा न निघो, त्यांच्या घरी दिवा जळणार होता. तीन वर्षांनी गोखले गेले. मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा झाला आणि १९२३ साली इलाख्याचा मोठा कायदा आला. पण पैशाची ओढाताण तीच.

आता ज्यांच्याविषयी मला विशेष लिहायचे आहे ते कोल्हापूरचे शाहू महाराज. १८९४ साली त्यांच्या हाती कारभार आला. दरबारात नजर टाकली तर हुद्द्याच्या जागा जवळजवळ सगळ्या एकाच वर्गाकडे. आपल्याकडे पुष्कळांना त्यांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा तेवढा ठाऊक असतो. त्यात मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या राखून ठेवल्या होत्या. पण नोकरी राखून ठेवली तरी ती करण्याइतका शिकलेला मुलगा हवा ना? खेड्यातला मुलगा कोल्हापुरात राहणार कोठे, खाणार काय? म्हणून महाराजांनी वसतिगृहांना जागा, पैसा आणि आपले वजन दिले. १९०१ मध्ये मराठा आणि जैन मुलांची, १९०६ मध्ये मुसलमान मुलांचे, १९०७ मध्ये लिंगायतांचे, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांचे, अशी एकामागून एक वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. जातवार का, असे आज कोणी विचारील. तेव्हा एका पंगतीला बसायला कोणी तयार नव्हते, आणि सगळे तयार होईपर्यंत थांबले असते तर दोन पिढ्या आणखी गेल्या असत्या. पोटात अन्न आणि अंगावर छप्पर हा शाळेचाच भाग आहे, हे त्या राजाला कळले होते.

१९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड ठेवला. दंडावरून कोणी नाक मुरडील. पण जो राजा दंड करतो त्याला शाळाही काढून द्यावी लागते. फक्त सल्ला देणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही.

माझ्या मते सर्वांत मोठे पाऊल १९१९ चे आहे. तोवर संस्थानात अस्पृश्यांच्या शाळा निराळ्या होत्या. निराळी शाळा म्हणजे उणी शाळा, हे सांगायला पंडित नको. महाराजांनी त्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी सरकारी इस्पितळांना हुकूम गेला की अस्पृश्य रोग्याला इतरांसारखेच वागवावे, आणि ज्या नोकराला हे पटत नसेल त्याने राजीनामा द्यावा. खालच्यांसाठी वेगळी सोय करणे ही दया झाली. एकच सोय करून तिच्यात सर्वांना आणणे हे निराळे. एकच शाळा असली की तिची काळजी सर्वांना घ्यावी लागते.

याच सुमारास, १९१८ मध्ये, त्यांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. ही गोष्ट शाळेपासून दूरची वाटेल, पण तशी ती नाही. जमिनीचे दप्तर पिढ्यानपिढ्या एकाच घरात, आणि ज्याची जमीन त्याला वाचता येत नाही, अशी स्थिती असली की दप्तरात काय लिहिले जाईल हे दप्तर ठेवणाऱ्यावर. दप्तर पगारी माणसाच्या हाती गेले आणि कुणब्याचा मुलगा दुसरी-तिसरी शिकला, म्हणजे दोन्ही बाजूंनी दार उघडले. महाराज १९२२ साली अवघ्या ४७ व्या वर्षी वारले.

कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिलेला एक विद्यार्थी पुढे कर्मवीर झाला. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणून तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह चालवले. कोल्हापुरात जे वेगवेगळ्या छपरांखाली होते ते येथे एका छपराखाली आले. मुलांनी कमवावे आणि शिकावे, ही तेथील रीत. भाऊरावांचे नाव घराघरांत आहे. लक्ष्मीबाईंचे तितके नाही. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा या माउलीने अंगावरचे दागिने मोडायला दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. सोवळ्या घरात वाढलेली ती बाई सगळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीत वाढत होती. १९३० साली त्या गेल्या. एक गोष्ट मात्र मला सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांचा गौरव करताना आपण हे विसरतो की, जे सरकारच्या तिजोरीतून यायला हवे होते ते एका बाईच्या गळ्यातून आले. दागिने मोडून एक वसतिगृह काही दिवस चालते. गावोगावच्या शाळा त्यावर चालत नाहीत.

स्वातंत्र्य आले. राज्यघटनेत लिहिले गेले की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकारने करावा. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. माझी सातवी अशाच शाळेत झाली. वर्गात पाटलांची नात होती, मास्तरांचा स्वतःचा मुलगा होता, शेतमजुराची मुलगी होती. ती शाळा काही स्वर्ग नव्हती. छडी होती, आणि पाण्याच्या हंड्यापाशी कोणी कोठे उभे राहायचे हे न सांगता सर्वांना कळत असे. पण एका पावसाळ्यात वादळाने तिसरीच्या वर्गाची कौले उडाली, तेव्हा चार दिवसांत नवी बसली. सरपंचांचा मुलगा तिसरीत होता. शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल दुसऱ्या गावी. मुलगे सायकलवरून गेले, आम्ही मुली घरी राहिलो. संस्था जेथे संपते तेथे कोणाचे शिक्षण संपते हेही पाहण्यासारखे असते.

या सगळ्याचा नीट विचार कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात केला होता. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. आयोगाने स्पष्ट म्हटले की, श्रीमंत आईबाप मुलांना निराळ्या शाळेत घालतात तेव्हा चांगले शिक्षण थोड्यांच्या वाट्याला जाते. आणि इतकेच नव्हे तर त्या श्रीमंत मुलांचेही शिक्षण अपुरे राहते, कारण गरिबाचे जगणे त्यांना कधी दिसतच नाही. म्हणून प्रत्येक वस्तीत शेजारशाळा असावी, त्या वस्तीतील सर्वांची मुले तिच्यात जावीत, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे शंभरातले सहा रुपये शिक्षणावर खर्च व्हावेत. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात हे शब्द उतरलेही. सहा रुपये मात्र आजवर झाले नाहीत, आणि शेजारशाळा तर विस्मरणातच गेली.

उलट झाले असे की, १९८० नंतर ज्याच्या हातात चार पैसे आले तो आधी शाळेतून निघाला. इंग्रजी शाळा गल्लोगल्ली निघाल्या. सरकारने मराठी शाळांतही जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. पण ओघ थांबला नाही. आधी डॉक्टरांची मुले गेली, मग दुकानदारांची, मग मास्तरांचीही. मास्तरांचे मूल जेव्हा मास्तरांच्या शाळेतून गेले, त्या दिवशी काहीतरी फार मोठे मोडले असे मला वाटते. राहिली ती ज्यांच्यापाशी फीचे पैसे नाहीत त्यांची. आणि कित्येक घरांत मुलगा इंग्रजी शाळेत व मुलगी पालिकेच्या शाळेत, अशी वाटणी झाली. म्हणजे गावातली विषमता घरात शिरून एका ताटात बसली.

येथे कोणी म्हणेल, शाळाच आधी बिघडल्या म्हणून आम्ही मुले काढली. त्यात तथ्य आहे. वर्गावर न येणारे मास्तर मीही पाहिले आहेत, आणि आले तरी त्यांना निवडणुका, खानेसुमारी आणि माहितीचे तक्ते यांतून फुरसत नाही हेही पाहिले आहे. आपल्या लेकराचे भले पाहणाऱ्या कोणा आईला मी नावे ठेवणार नाही. परंतु ज्यांच्या एका फोनवर अधिकारी येतो त्यांचे मूल शाळेत असेपर्यंत बिघडलेले दुरुस्त होत असे. ते गेल्यावर बिघाड तसाच राहू लागला, म्हणून आणखी गेले. विहिरीचा उपसा थांबला की पाणी आणखी घाण होते, तसे हे झाले. नळाचेही तेच आहे. ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांना पालिकेचे पाणी कधी येते ते माहीत नसते. आणि पट कमी झाला की सरकारला निमित्त मिळते. वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात असा विचार महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला. वाडीवरच्या सहा वर्षांच्या मुलीने ओढा ओलांडून समूहशाळेला कसे जायचे, हा प्रश्न ज्यांची मुलगी आहे तेच विचारीत होते.

मोठ्यांची मुले परत आणण्याचा एक विलक्षण प्रयत्न उत्तर प्रदेशात झाला. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने हुकूम दिला की, सरकारी तिजोरीतून पगार घेणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीश यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत. खाजगी शाळेत घातली तर तिथल्या फीइतकी रक्कम सरकारजमा करावी. तसे झाल्याशिवाय या शाळा सुधारणार नाहीत, असे न्यायमूर्तींचे मत. हुकूम अमलात आला नाही.

आपल्याकडे उलट्या वाटेने प्रयत्न झाला. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात खाजगी शाळांनी पहिल्या वर्गाच्या शंभरातल्या पंचवीस जागा गरीब आणि वंचित मुलांना द्यायच्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा द्याव्या लागणार नाहीत. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. न्यायालयाने केले ते योग्यच. तरी माझ्या मनात येते की, चाळीस गरीब मुलांमधून दोघे उचलून चांगल्या शाळेत नेले, तर मागे राहिलेल्या अडतीसांच्या शाळेचे काय?

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, आणि ते आपल्या वस्तीच्या कामाचे आहे. प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात निदान तीनचतुर्थांश सभासद त्या शाळेतील मुलांचे आईबाप असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. आलेले अनुदान कसे खर्च झाले ते पाहण्याचा तिला अधिकार आहे. जोतीरावांच्या वेळी पैसा देणाऱ्याला विचारण्याची सोय नव्हती. ती आता आहे. परंतु आपल्यापैकी ज्यांना बँकेचे कागद वाचता येतात त्यांची मुले त्या शाळेत नाहीत, म्हणून त्यांना समितीत पालक म्हणून बसता येत नाही. ज्या बसतात त्यांपैकी पुष्कळ जणी चार घरची कामे करणाऱ्या. सभा भरते दुपारी बारा वाजता. सभेला जायचे तर दोन घरचा खाडा.

आपल्या वस्तीतील पालिकेच्या शाळेच्या समितीवर असलेली एक बाई गेल्या श्रावणात अनुदानाचा कागद घेऊन मंडळात आली होती. अक्षरे लागत होती, अर्थ लागत नव्हता. आमच्यापैकी दोघींनी तिच्याजवळ बसून तो वाचला. पाण्याच्या टाकीसाठी रक्कम आलेली दिसत होती आणि शाळेत टाकी दिसत नव्हती. आता महिन्यातून एकदा ती आणि आणखी तिघी मंडळाच्या खोलीत येतात, कागद मांडतात, आणि काय विचारायचे ते ठरवून जातात. टाकी अजून आलेली नाही. सभा रविवारी सकाळी ठेवावी असा अर्ज तिने दिला आहे. मजकूर आम्ही सर्वांनी मिळून सांगितला, लिहिला तिच्या पाचवीतल्या मुलीने, आणि खाली सही तिची आहे.